सुरुवातीला जुळलेला आवाज शेवटी का घसरतो?

तक्रार जवळजवळ ठरलेल्या शब्दांत येते. ‘पहिली दोन-तीन मिनिटं सगळं बरोबर आहे, मग आवाज हळूहळू मागे पडतो. शेवटी तर माणूस बोलून गप्प बसलाय आणि आवाज चालूच आहे.’ व्हिडिओ एडिटिंग शिकताना यातून सहसा कुणी सुटत नाही.

मी पहिल्यांदा यात अडकलो तेव्हा हातात एका व्याख्यानाचं तासाभराचं रेकॉर्डिंग होतं. आवाज चित्रापासून सुटा केला, जिथे घसरलेला दिसला तिथे कापला आणि दोन-चार फ्रेम डावीकडे ढकलला. पुढे पुन्हा घसरला, पुन्हा कापला. असे अकरा तुकडे झाले आणि मध्यरात्रीनंतर कुठे एकदाचं जुळलं. सकाळी वक्त्यांचा निरोप आला की मधला दीड मिनिटाचा भाग काढून टाका. तो काढला तर चित्र मागे सरकलं, पण सुटे केलेले आवाजाचे तुकडे जागचे हलले नाहीत. अकराच्या अकरा पुन्हा जुळवावे लागले. ही पद्धत मुळातच चुकीची आहे हे मला तेव्हा कळलं. घसरणीला कारण असतं, ते टाइमलाइनवर, म्हणजे एडिटरमधल्या चित्र-आवाज मांडायच्या पट्टीवर, आवाज येण्याआधीच घडलेलं असतं आणि घसरण कशी वाढते यावरून ते ओळखता येतं. म्हणून आवाजाला हात लावण्याआधी मोजायचं.

आधी खोटा दोष वगळा

कित्येकदा फाइलमध्ये काहीच बिघडलेलं नसतं, फक्त तुम्हाला तसं दिसत असतं. ब्लूटूथ हेडफोन लावून एडिट करत असाल तर ते काढून ठेवा. ब्लूटूथवरून आवाज कानापर्यंत पोचायला सेकंदाचा दहावा ते पाचवा हिस्सा सहज जातो, काही हेडफोनमध्ये त्याहूनही जास्त. व्हिडिओ प्लेअर हा उशीर ओळखून चित्र तितकंच थांबवू शकतात. एडिटिंग सॉफ्टवेअर बरेचदा तसं करत नाही. तुम्ही कानावर विश्वास ठेवून आवाज सहा फ्रेम डावीकडे ओढता आणि बघणाऱ्याच्या स्पीकरवर तो सहा फ्रेम आधी ऐकू येतो. तारेचे हेडफोन वापरा, साधे असले तरी चालतील.

दुसरं, प्रीव्ह्यू अडखळत असेल तर त्यावरून निवाडा करू नका. एच.२६५ या घट्ट दाबलेल्या प्रकारातली मोठी फाइल उलगडताना साधा संगणक दमतो, चित्राच्या फ्रेम गाळतो आणि आवाज मात्र अखंड वाजत राहतो. अशा वेळी टाइमलाइनच्या शेवटाकडचं एक मिनिट एक्स्पोर्ट करून व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये बघा. तिथे जुळत असेल तर आवाज निर्दोष आहे. प्रॉक्सी फाइल, म्हणजे एडिट करण्यापुरती हलकी प्रत, बनवा आणि कामाला लागा.

मोजायचं कसं

‘प’ म्हणताना ओठ मिटावेच लागतात आणि ते उघडताच आवाज फुटतो. पवर्ग शाळेत पाठ केला होता तो इथे कामी येतो. बोलणाऱ्याच्या तोंडचा एखादा ठसठशीत ‘प’ शोधा, ‘पण’, ‘पाणी’, ‘परत’ काहीही चालेल. ओठ उघडतात ती फ्रेम आणि आवाजाच्या आलेखात टोक उठतं ती जागा, यांच्यातलं अंतर फ्रेममध्ये लिहून घ्या. रेकॉर्डिंगमध्ये टाळी, टेबलावर पडलेलं पेन किंवा दार आपटलेलं असेल तर फारच उत्तम.

असं तीन ठिकाणी करा: सुरुवातीला, मध्यावर आणि अगदी शेवटी. चार-पाच ठिकाणी केलंत तर आणखी बरं. विंडोज किंवा लिनक्सवर व्हीएलसी असेल तर एक सोपी युक्ती आहे. व्हिडिओ चालू असताना ‘के’ दाबलं की आवाज ५० मिलिसेकंदांनी उशिरा येतो, ‘जे’ दाबलं की तितकाच लवकर. ओठ जुळेपर्यंत दाबत जा, पडद्यावर आकडा दिसतो. ही युक्ती फक्त मोजण्यापुरती; फाइल त्याने सुधारत नाही.

किती फरक खपतो? आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या १९९८ च्या बीटी.१३५९ या शिफारशीनुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला किंवा १२५ मिलिसेकंद नंतर आला की बघणाऱ्याला जाणवायला लागतं. दोन्ही बाजूंचे आकडे सारखे का नाहीत? आवाज प्रकाशापेक्षा हळू चालतो. ३४ मीटरवरच्या माणसाची टाळी आपल्याला सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने उशिराच ऐकू येते आणि त्याची आपल्याला सवय असते. टाळी वाजण्याआधी तिचा आवाज मात्र निसर्गात कधीच येत नाही. त्यामुळे शंका असेल तेव्हा आवाज एखादी फ्रेम मागे राहू द्या, पुढे जाऊ देऊ नका. २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची असते, एवढं लक्षात असलं की पुरे.

आता तुमच्या वहीत आकडे आहेत. ते काय सांगतात ते बघू.

सगळीकडे सारखाच फरक

सुरुवातीला पाच फ्रेम, मध्यावर पाच, शेवटीही पाच. ही घसरण नव्हे. माइक लांब होता, किंवा वेबकॅमने चित्र तयार करायला वेळ घेतला आणि आवाज आधी पोचला. पूर्ण ट्रॅक एकदाच पाच फ्रेम सरकवा, चित्राशी पुन्हा जोडून टाका, काम संपलं. ओबीएस या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये वेबकॅम लावून नेहमी रेकॉर्ड करत असाल तर ऑडिओच्या ॲडव्हान्स्ड प्रॉपर्टीजमध्ये ‘सिंक ऑफसेट’ आहे. तिथे मिलिसेकंद भरून ठेवले की दर वेळचा त्रास वाचतो.

फरक वाढतो, पण वेडावाकडा

दहाव्या मिनिटाला तीन फ्रेम, विसाव्याला वीस, तिसाव्यालाही वीस, मग एकदम पन्नास. फाइल मोबाइलवरची किंवा स्क्रीन रेकॉर्डिंगची असेल तर माझा पहिला संशय एकाच गोष्टीवर असतो: बदलता फ्रेमरेट (व्हेरिएबल फ्रेमरेट), म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडा स्थिर नसणं.

मोबाइल ‘३० एफपीएस’, म्हणजे सेकंदाला ३० फ्रेम, म्हणतो तेव्हा ते वचन नसतं, इच्छा असते. उजेड कमी झाला की एकेका फ्रेमला जास्त वेळ प्रकाश हवा असतो. सेकंदाला ३० फ्रेम घ्यायच्या तर एका फ्रेमला जास्तीत जास्त एक तीसांश सेकंद मिळतो. तेवढा पुरला नाही की काही फोन फ्रेमची संख्या कमी करतात. फोन तापला किंवा प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला तरी फ्रेम गळतात. स्क्रीन रेकॉर्डर तर पडद्यावर काही हललंच नाही तर नवी फ्रेम लिहायचे कष्टच घेत नाहीत. ही बचत म्हणून वाईट नाही. प्रत्येक फ्रेमसोबत ती कधी दाखवायची याची वेळ फाइलमध्ये नोंदलेली असते, प्लेअर ती वेळ पाळतो आणि मोबाइलवर बघताना सगळं व्यवस्थित जुळतं. ‘फोनवर बरोबर दिसतं, एडिटिंगमध्ये टाकलं की बिघडतं’ हे याच दुखण्याचं लक्षण.

एडिटरची टाइमलाइन मात्र चौकटीच्या वहीसारखी आहे. प्रत्येक चौकटीत एक फ्रेम, सगळ्या चौकटी सारख्या रुंदीच्या. दहा मिनिटांच्या रेकॉर्डिंगमध्ये ३० च्या हिशेबाने १८,००० फ्रेम हव्यात. अंधाऱ्या खोलीत फोनने १७,८२० च घेतल्या असं धरा. एडिटरने वेळेच्या नोंदी न बघता त्या एकापुढे एक मांडल्या तर चित्र ५९४ सेकंदांत संपेल. आवाजाला या भानगडीशी देणंघेणं नाही, तो पूर्ण ६०० सेकंदांचा आहे. शेवटी सहा सेकंदांचं अंतर पडणारच. उजेड बदलला तिथेच फ्रेम गळल्या, म्हणून घसरणही तिथेच वाढते आणि बाकी ठिकाणी थांबून राहते. आजकालची बरीच सॉफ्टवेअर हे बरंचसं सांभाळून घेतात, पण लांब रेकॉर्डिंगमध्ये त्यांच्या भरवशावर मी राहत नाही.

खात्री करायला मीडियाइन्फो नावाचं मोफत साधन आहे. फाइल त्यात उघडा आणि ‘फ्रेम रेट मोड’ची ओळ बघा. ‘व्हेरिएबल’ लिहिलेलं असेल तर खाली किमान आणि कमाल फ्रेमरेटही दिसतो. किमान २९.९ आणि कमाल ३०.१ असेल तर फारसं काळजीचं नाही. किमान १२ आणि कमाल ६० दिसलं तर चोर सापडला.

यावर इलाज एकच: एडिट करण्याआधी फाइल स्थिर फ्रेमरेटमध्ये बदलून घ्या. हँडब्रेक या फाइल बदलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये व्हिडिओच्या टॅबवर फ्रेमरेटच्या जागी ‘सेम ॲज सोर्स’ तसंच ठेवू नका. तिथे ३० असा स्पष्ट आकडा निवडा आणि शेजारचं ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ चालू करा. क्वालिटीची पट्टी आरएफ १६ ते १८ च्या आसपास ठेवा. तिथे आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. आवाजाला शक्य तर हात लावू नका, ऑडिओत ‘पासथ्रू’ (आवाज जसाच्या तसा) असेल तर तेच घ्या. जागेची चिंता नसेल तर प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआर या खास एडिटिंगसाठीच्या प्रकारांमध्ये बदलणं जास्त चांगलं. फाइल अवाढव्य होते, पण एडिट करताना संगणक लोण्यासारखा चालतो. शॉटकट आणि केडेनलाइव्ह ही सॉफ्टवेअर तर अशी फाइल टाकली की स्वतःच विचारतात, ‘बदलून देऊ का?’ घाईत ‘नाही’ म्हणू नका.

अर्धं एडिटिंग झाल्यावर हे लक्षात आलं तर? नवी फाइल जुनीच्या जागी ‘रिलिंक’ करता येते, म्हणजे प्रोजेक्टला जुनीऐवजी नवी फाइल दाखवता येते. कापलेल्या जागा मात्र थोड्या हलतात, कारण जुन्या हिशेबातली नऊ हजारावी फ्रेम नव्या फाइलमध्ये वेगळ्या जागी असते. एकेक कट तपासावा लागतो. वीस-पंचवीस कट असतील तर तपासा. चार असतील तर सरळ पहिल्यापासून करा, लवकर होईल.

फरक एकसारखा वाढतो: इथे भागाकार करा

प्रत्येक दहा मिनिटांना तेवढीच वाढ असेल तर एकूण घसरण भागिले एकूण वेळ एवढं गणित करा. येणारा आकडा बरंच काही बोलतो.

तासाला साधारण ३.६ सेकंद, म्हणजे हजारात एक, आला तर तो २९.९७ आणि ३० चा घोळ आहे. हे विचित्र अपूर्णांक १९५३ पासून आपल्या मागे लागले आहेत. अमेरिकेत रंगीत दूरचित्रवाणी आली तेव्हा रंगाची माहिती वाहणारा संकेत आणि आवाजाचा संकेत एकमेकांत मिसळून पडद्यावर जाळी उठू नये म्हणून ३० फ्रेमचा वेग हजार भागिले एक हजार एक इतका कमी केला. काळ्यापांढऱ्या संचांवरही तेच प्रक्षेपण दिसायला हवं होतं, म्हणून आवाजाच्या संकेताला हात न लावता फ्रेमचा वेग बदलला. ते संच भंगारात गेले, अपूर्णांक राहिला. कॅमेऱ्यावर ‘३०’ लिहिलेलं असलं तरी आत बरेचदा २९.९७ असतं, आणि ‘२४’ म्हणजे २३.९७६. अशी क्लिप कुणी ३० ची आहे असं सॉफ्टवेअरला सांगितलं की चित्र किंचित घाईने धावतं आणि वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज मागे राहतो. क्लिपच्या गुणधर्मांमध्ये जाऊन फ्रेमरेट खरा आहे तो भरा. टाइमलाइनचा फ्रेमरेट तर पहिली क्लिप आणण्याआधीच ठरवा. दाविंची रिझॉल्व्हसारख्या सॉफ्टवेअरमध्ये काम सुरू झाल्यावर प्रोजेक्टचा फ्रेमरेट बदलू देत नाहीत.

२४ च्या फ्रेम २५ ने चालल्या तर तासाला तब्बल १४४ सेकंदांचा फरक पडतो. तो शोधायला मोजपट्टी लागत नाही.

आवाजाच्या सॅम्पल रेटचं, म्हणजे सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले त्या आकड्याचं, नाव बहुतेक जण सगळ्यात आधी घेतात: ‘४४.१ आणि ४८ चा घोळ असेल.’ माझ्या अनुभवात हा गुन्हेगार क्वचितच असतो. जवळजवळ सगळी सॉफ्टवेअर एकाचं दुसऱ्यात रूपांतर आपोआप करतात. फाइलवर खोटी माहिती लिहिलेली असेल तेव्हाच गडबड होते, आणि तेव्हा ती लपत नाही. ४४.१ किलोहर्ट्झचा (सेकंदाला ४४,१०० नमुने) आवाज ४८ समजून वाजवला तर तासाभराचं भाषण ५५ मिनिटं साडेसात सेकंदांत संपतं आणि वक्त्याचा आवाज साधारण दीड अर्धस्वर चढा, बारीक होतो. आवाज नेहमीसारखा ऐकू येतोय आणि घसरण थोडीच आहे, तर सॅम्पल रेटचा नाद सोडा.

दोन यंत्रं, दोन घड्याळं

भागाकार करून तासाला सेकंदाचा दहावा, पाचवा हिस्सा असं काहीतरी येत असेल आणि आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेला असेल, तर दोष कुणाचाच नाही. कॅमेऱ्यात एका स्फटिकाच्या कंपनांवरून वेळ मोजली जाते, रेकॉर्डरमध्ये दुसऱ्याच्या. दोन्ही म्हणतात ‘४८,००० नमुने झाले, एक सेकंद संपला’, पण दोघांचा सेकंद केसाएवढा वेगळा असतो. दहा लाखांत पन्नास इतका फरक असला तर तासाला ०.१८ सेकंद, म्हणजे २५ फ्रेमच्या हिशेबाने साडेचार फ्रेम. पाच मिनिटांच्या क्लिपमध्ये कुणाला पत्ताही लागणार नाही. दोन तासांच्या मैफलीत तबलजीचा हात आणि थाप वेगळी दिसेल.

इथे आवाज किंचित ताणावा किंवा आवळावा लागतो. समजा कॅमेऱ्याच्या स्वतःच्या आवाजात पहिली टाळी ते शेवटची टाळी हे अंतर ५२ मिनिटं १० सेकंद आहे, म्हणजे ३,१३० सेकंद, आणि रेकॉर्डरवर तेच अंतर ३,१३०.२४ सेकंद भरतं. रेकॉर्डरचा आवाज ०.००७७ टक्के जलद करायचा. व्हिडिओ एडिटरच्या वेगाच्या खान्यात बरेचदा दोनच दशांश स्थळं घेतात. १००.०१ लिहिलंत तर ०.२४ ऐवजी ०.३१ सेकंद कमी होतील आणि शेवटी दोन फ्रेमचा फरक उरेलच, फक्त उलट्या बाजूला. म्हणून हे काम ऑडॅसिटीसारख्या ध्वनीच्या सॉफ्टवेअरमध्ये करा. तिथे वेग बदलताना नवी लांबी थेट लिहिता येते.

बारकावा एक आहे. मेन्यूत ‘टेम्पो’ आणि ‘स्पीड’ असे दोन पर्याय दिसतात. टेम्पो स्वर न बदलता लांबी बदलतो, म्हणून नवशिके तोच निवडतात. इथे स्पीड निवडा. एवढ्याशा बदलाने स्वर इतका कमी हलतो की गवयालाही कळणार नाही. टेम्पो मात्र आवाजाचे बारीक तुकडे करून पुन्हा जोडतो आणि झांज-टाळ्यांसारख्या आवाजात ते सांधे कधीकधी ऐकू येतात.

मुलाखत असेल तर ताणाताणीही नको. प्रश्न संपून उत्तर सुरू होण्याआधी शांतता असते, तिथे कापून एखादी फ्रेम सरकवा. होय, मी वर ज्या कापाकापीला नावं ठेवली तीच ही. फरक इतकाच की आता कारण माहीत आहे, तासाला चार-पाच कट लागतील हे आधीच कळलंय आणि प्रत्येक तुकडा त्याच्या चित्राशी पुन्हा जोडलेला आहे. गाण्यात मात्र कापू नका.

एकदम पायरीसारखी उडी

एका विशिष्ट क्षणापर्यंत सगळं जुळतं, तिथे अचानक काही फ्रेमची उडी, मग पुन्हा तोच फरक कायम. ती वेळ लिहून ठेवा आणि मूळ फाइल बघा. बऱ्याच कॅमेऱ्यांमध्ये ४ जीबी झालं की नवी फाइल सुरू होते, कारण कार्डावरची जुनी फॅट३२ पद्धत त्याहून मोठी फाइल ठेवू शकत नाही. हे तुकडे कार्डावरून एकेक उचलून टाइमलाइनवर लावले की सांध्यापाशी आवाजाचा छोटासा भाग हरवू शकतो. कार्डाचा पूर्ण फोल्डर जसाच्या तसा कॉपी करा आणि सॉफ्टवेअरच्या मीडिया ब्राउझरमधून क्लिप आणा. कॅमेऱ्यासोबतचं जोडणीचं साधन असेल तर तेही चालतं. सांध्यावर उडी नसेल तर कार्ड संथ असल्याने फ्रेम गळल्या असण्याची शक्यता आहे. तिथे एकदा कापून सरकवणं हाच मार्ग, आणि पुढच्या वेळी वेगवान कार्ड.

पुढचं रेकॉर्डिंग

मोबाइलवर घेणार असाल तर फ्रेमरेट कुलूपबंद करणारं कॅमेरा ॲप वापरा. आयफोनच्या कॅमेरा सेटिंगमध्ये ‘ऑटो एफपीएस’ आहे, ते बंद ठेवा. खोलीत उजेड भरपूर ठेवा. फ्रेम गळण्यावर याहून स्वस्त औषध नाही. वेगळा रेकॉर्डर असेल तर तो ४८ किलोहर्ट्झवर ठेवा, आणि कॅमेऱ्याचा स्वतःचा माइक कितीही खराब असला तरी बंद करू नका. आलेख जुळवायला तोच आवाज लागतो. बरीच सॉफ्टवेअर दोन आलेख बघून आपोआप जुळवूनही देतात. आपोआप जुळवणी सुरुवात बरोबर बसवते, घसरण मात्र तिला सहसा दिसत नाही.

टाळी कॅमेऱ्यात हात दिसतील अशी वाजवा. सुरुवातीला सगळेच वाजवतात. कार्यक्रम संपल्यावर, रेकॉर्डिंग बंद करण्याच्या आधी, दुसरी वाजवायची. सगळा भागाकार तिच्यावर अवलंबून आहे, आणि नेमकी तीच विसरते. मी रेकॉर्डरच्या बंद करायच्या बटनावर रंगीत चिकटपट्टीचा तुकडा लावून ठेवलाय. तो सोलल्याशिवाय बटन दाबता येत नाही, आणि सोलताना टाळी आठवते.